शिक्का नसलेली गाणी

मोबाइलवरच्या संगीत ॲपमध्ये काही गाण्यांच्या नावापाशी लहानशा चौकोनात इंग्रजी ‘ई’ हे अक्षर दिसते. ‘एक्स्प्लिसिट’ या शब्दाचे ते आद्याक्षर. गाण्यात शिव्या, उघडे लैंगिक वर्णन किंवा भडक हिंसक भाषा आहे, एवढी सूचना त्यातून मिळते. घरात लहान मुले असताना अशी गाणी स्पीकरवर वाजू नयेत म्हणून संगीत कंपन्यांनी जी गाळणी दिली आहे, ती बहुतांशी या एका अक्षरावर उभी आहे. गाण्याचे शब्द ऐकून, त्यांचा अर्थ लावून ती काही अडवत नाही. शिक्का असला की गाणे थांबते, नसला की वाजते.

हा शिक्का अमेरिकेतून आला. टिपर गोर यांनी आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी प्रिन्स या गायकाचा ‘पर्पल रेन’ हा १९८४ चा अल्बम घरी आणला आणि त्यातल्या एका गाण्याचे शब्द ऐकून त्या हादरल्या. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले अल गोर हे त्यांचे पती. १९८५ मध्ये टिपर गोर आणि वॉशिंग्टनमधल्या काही महिलांनी पालकांची संघटना उभी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने पालकांसाठी सूचना छापायचे मान्य केले. १९९० पासून काळ्या-पांढऱ्या रंगातला एकसारखा शिक्का कॅसेट आणि सीडीवर येऊ लागला. मात्र तो कोणत्या गाण्यांवर मारायचा, हे ठरवण्याचा अधिकार कंपनीकडेच राहिला. स्ट्रीमिंगच्या काळात शिक्क्याचे अक्षर झाले, तरी अधिकार तिथेच आहे. गाणे ॲपवर चढवताना कंपनी किंवा वितरक गायक, संगीतकार, वर्ष यांच्यासोबत हीही नोंद भरतो. ती भरायची राहिली, तर गाळणीच्या लेखी ते गाणे स्वच्छ ठरते.

इंग्रजी गाण्यांच्या बाबतीत ही व्यवस्था बऱ्यापैकी चालते. तीस-पस्तीस वर्षांची सवय तिच्यामागे आहे आणि अनेक गाण्यांची शिव्या वगळलेली दुसरी आवृत्तीही कंपन्या काढतात. भारतीय भाषांतल्या गाण्यांना अशी सवय लागलीच नाही. आपल्याकडे चित्रपटाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागते आणि त्यातले गाणेही चित्रपटासोबत तपासले जाते. चित्रपटाबाहेर निघालेल्या, नुसत्या ऐकायच्या गाण्याला असे कोणतेच प्रमाणपत्र लागत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवरच्या चित्रपट-मालिकांसाठी ७, १३ आणि १६ वर्षांवरील अशा वयाच्या पायऱ्या ठरवल्या. ॲपवरच्या सुट्या गाण्यावर मात्र वयाचा असा आकडा दिसत नाही.

पूर्वी ही राखण आकाशवाणी करत असे, कधी कधी गरजेपेक्षा जास्तच. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर ती गाणी परतली. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधले सर्वांत गाजलेले गाणेही आकाशवाणीने वाजवले नाही. कॅसेट आल्यावर आकाशवाणीच्या हातातले हे काम सुटले. इंटरनेटवर तर गाणे नेमके कोणाचे, हाच वाद होऊ शकतो. विदर्भातलेच उदाहरण आहे. अश्लील गाण्यांबद्दल एका नागरिकाने केलेल्या तक्रारीवरून नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्यात गायक हनी सिंग यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. इंटरनेटवर पसरलेल्या गाण्यातला आवाज त्यांचाच आहे का, हे तपासण्यासाठी न्यायालयाच्या आदेशावरून फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना आवाजाचा नमुना द्यायला नागपुरात यावे लागले. ज्या गाण्याचा गायक ठरवायला आवाजाची तपासणी लागते, त्याला शिक्का कोण लावणार?

शिक्क्याची दुसरी अडचण दुहेरी अर्थाची. १९९३ मध्ये ‘खलनायक’मधल्या एका गाण्याविरुद्ध दिल्लीच्या न्यायालयात दाद मागण्यात आली. त्या गाण्यात शिवी नाही, अश्लील म्हणून वेगळा काढता येईल असा शब्दही नाही. सगळा रोख सूचकतेत आहे. दादा कोंडके यांच्या चित्रपटांतली कितीतरी गाणी याच जातीची. वऱ्हाडात लग्नाच्या हळदीला, वरातीत डीजेवर वाजणारी नवी गाणीही बहुधा अशीच असतात. बोलीतला साधा शब्द, पण मोठ्या माणसांना हसू फुटावे असा. शब्दांची यादी करून अशी गाणी पकडता येत नाहीत. उलट यादी फार कडक केली तर लावणीच अडायची. होनाजी बाळा आणि रामजोशी यांच्या लावणीतला शृंगार हा मराठी कवितेचा अस्सल भाग आहे. विदर्भातल्या खडी गंमतीतही थट्टामस्करी असतेच. हे सारे घाण ठरवून मुलांपासून कायमचे तोडणे चुकीचे होईल. कोणते गाणे आठव्या वर्षी ऐकायचे आणि कोणते सोळाव्या, हे घरातल्या मोठ्या माणसांनी ठरवायचे असते. ते काम कोणत्याही कंपनीवर सोपवता येणार नाही.

तरीही असलेली गाळणी वापरणे उपयोगाचे आहे, कारण निदान उघड्या शिव्यांची गाणी ती अडवते. त्यासाठी ती नेमकी कुठे बसलेली असते, हे कळायला हवे. अमरावती-नागपूर महामार्गावरच्या नांदगाव पेठमध्ये काय किंवा अमरावती शहरात काय, बहुतेक घरांत बोलून चालणारा स्मार्ट स्पीकर नसतो. असतो तो ब्लूटूथचा डबा, टीव्हीला जोडलेला साउंडबार नाहीतर जुना होम थिएटर. या यंत्रांत गाळणी नसते. फोनमधून जे येईल ते ती वाजवतात. त्यामुळे गाळणी लावायची ती फोनमधल्या ॲपला, आणि तीही प्रत्येक खात्याला वेगळी. वडिलांच्या फोनवर लावली आणि घरातले पोट्टे काकाच्या फोनवरून गाणी लावतात, तर तिचा उपयोग शून्य.

स्पॉटिफायमध्ये सेटिंग्जमध्ये ‘एक्स्प्लिसिट’ मजकुराला परवानगी देणारे बटण असते. ते बंद केले की शिक्का असलेली गाणी यादीत फिकट दिसतात, पण वाजत नाहीत. कुटुंबासाठीच्या सशुल्क योजनेत ज्याच्या नावावर योजना आहे, त्याला बाकीच्या सदस्यांसाठी हे बटण बंद करता येते. ॲमेझॉनच्या एको स्पीकरसाठी ही सोय अलेक्सा ॲपमधल्या संगीताच्या सेटिंग्जमध्ये आहे; मात्र ती सगळ्याच संगीत सेवांना सारखी लागू होईल असे धरून चालू नये. ज्या सेवेतून गाणी येतात, त्या सेवेच्या ॲपमध्येही ती लावलेली बरी. गूगलच्या स्पीकरसाठी गूगल होम ॲपमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ या नावाखाली गाळण्या आहेत. त्या घरातल्या सर्वांना लावता येतात, किंवा फक्त देखरेखीखालच्या मुलांच्या खात्यांना आणि पाहुण्यांना. पाहुणे म्हणजे ज्यांचा आवाज स्पीकरला ओळखीचा नाही ते. मुलाचा आवाज नोंदवलेला नसेल तर तोही पाहुण्यातच गणला जातो, म्हणून पाहुण्यांची गाळणी चालू ठेवणे महत्त्वाचे.

यूट्यूबचे प्रकरण जास्त अवघड आहे, आणि गावातले बहुतेक संगीत तिथूनच येते. तिथे ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ आहे, पण तो त्या त्या उपकरणापुरता असतो. फोनवर लावला म्हणून टीव्हीवर लागत नाही. टीव्हीच्या ॲपमध्ये जाऊन पुन्हा लावावा लागतो. शिवाय कोणीही गाणे चढवू शकत असल्याने एकाच गाण्याच्या रिमिक्स, कराओके, डीजे अशा अनेक आवृत्त्या असतात, आणि मूळ गाणे अडले तरी तिसऱ्याच चॅनेलवरची नक्कल वाजून जाते. सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो आपोआप पुढचे गाणे लागण्यामुळे. बडबडगीत संपते, मोठी माणसे स्वयंपाकघरात असतात आणि ॲप स्वतःच्या हिशेबाने पुढचे काहीतरी लावते. ‘ऑटोप्ले’ बंद करणे ही छोटी गोष्ट आहे, पण शिक्का नसलेल्या गाण्यांपासून ती बटणाच्या गाळणीपेक्षा जास्त राखण करते. अगदी लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स हे वेगळे ॲप आहे. त्यात पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशीही सोय करता येते.

सर्वांत खात्रीची गाळणी म्हणजे आधीच ठरवलेली यादी. मोबाइलच्या दुकानातून पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड भरून आणण्याची पद्धत वऱ्हाडात पक्की रुजली होती आणि अजून काही घरांत ती आहे. त्यावरच्या गाण्यांना शिक्का नसतो, पण एकदा बसून नको ती गाणी पुसून टाकली की त्यात नवे काही आपोआप शिरत नाही. सारेगामाचा कारवाँ हा रेडिओसारखा दिसणारा स्पीकर २०१७ मध्ये आला, तोही याच तत्त्वावर: गाणी आत भरलेली. मात्र त्यालाही ब्लूटूथ आहे, आणि ते जोडले की तोही फोनचे ऐकतो. ॲपमध्ये मुलांसाठी वेगळी यादी करून ती फोनमध्ये डाउनलोड करून ठेवली, तर नेट बंद करूनही वाजवता येते. वऱ्हाडातल्या घराला अशा यादीसाठी गाणी कमी पडायची नाहीत. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली म्हणतात ती भुलाबाईची गाणी आहेत. नांदगाव पेठवरून जाणाऱ्या त्याच महामार्गावर पुढे गुरुकुंज मोझरी लागते. तिथल्या तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने आहेत. बालगीते तर आहेतच. यादी मुलांसोबत बसून केली, तर अडवलेल्या गाण्यांबद्दलचे कुतूहलही कमी होते.

घराच्या भिंतीबाहेर यातले काहीच चालत नाही. मंडळाचा डीजे, वरात किंवा ऑटोतला टेप कोणाच्याही ॲपचे ऐकत नाही. तिथे उरतो तो कायदा. सार्वजनिक ठिकाणी किंवा त्याच्या आसपास इतरांना त्रास होईल असे अश्लील गाणे गाणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खाली गुन्हा होता; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम गाणाऱ्यासाठी लिहिलेले असल्याने मंडळाने स्पीकरवर लावलेल्या गाण्याबाबत तक्रारीआधी वर्गणी देतानाच बोलणे जास्त सोपे पडते. गाण्यांची यादी तेव्हा ठरायची असते आणि मुलांच्या नाचाची गाणी वेगळी काढून घेता येतात.