एकट्याच्या ट्रेकसाठी भांडं कोणतं घ्यावं?

मित्रांनो, कळसूबाईला एकटेच मुक्कामाला निघालात तर घरातलं स्टीलचं पातेलं सॅकमध्ये टाकू नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं, दोन दिवस खांदे दुखत होते!

आता हे बघा. एक घनसेंमी स्टीलचं वजन साधारण 8 ग्रॅम, टायटॅनियमचं साडेचार आणि अॅल्युमिनियमचं फक्त 2.7 ग्रॅम. टायटॅनियम मजबूत, म्हणून त्याचं भांडं अगदी पातळ करता येतं. पण ते महाग, शिवाय त्यात उष्णता नीट पसरत नाही. ज्योतीच्या वर खिचडी करपते आणि कडेला कच्ची राहते. नुसतं चहाचं पाणी उकळायला ठीक. माझं मत विचाराल तर शिजवून खाणाऱ्याने अॅल्युमिनियमच घ्यावं, हार्ड अॅनोडाइज्ड असेल तर उत्तम. साध्या अॅल्युमिनियममध्ये चिंच-टोमॅटोचं आंबट करू नका, आम्लामुळे धातू अन्नात उतरतो.

एकाला पाऊण ते एक लिटरचं भांडं पुरतं. झाकण मात्र विसरायचं नाही. 1646 मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. डाळ-तांदूळ तासभर आधी भिजत घातले की गॅस बराच वाचतो.