दाण्यात पीठ भरते तेव्हा

आपल्या शेतकऱ्याने दाण्याच्या वयाला फार नेमकी नावे दिली आहेत. ज्वारी आधी पोटरीत येते, मग निसवते, मग फुलोऱ्यात येते. दाणा धरला की तो प्रथम चिकात असतो, नंतर हुरड्यात येतो आणि शेवटी टणक होऊन पक्व होतो. मी कविता लिहिणारा, साधा बी.ए. झालेला माणूस. या शब्दांच्या ओढीनेच दाण्याच्या आत काय चालते ते वाचत गेलो. ते आज तुम्हाला सांगावेसे वाटते, कारण आपल्या ताटातल्या भाकरीचा, पोळीचा आणि भाताचा प्रश्न त्यात आहे.

चिकातला दाणा नखाने दाबला की दुधासारखा रस बाहेर येतो. त्याचा पांढरेपणा असतो स्टार्चच्या बारीक कणांचा. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून ठेवला की भांड्याच्या तळाशी जो चीक बसतो, तोही हाच. आमच्या घरांतून त्याला निशास्ता म्हणतात आणि त्याचा हलवा करतात. नावे दोन, वस्तू एक. गव्हाच्या दाण्याच्या वजनात साठ ते सत्तर टक्के वाटा या स्टार्चचा असतो. दाणा भरला असे आपण म्हणतो, तेव्हा मुख्यतः स्टार्च भरलेला असतो.

पण झाड दाण्याकडे स्टार्च पाठवत नाही, साखर पाठवते. पाने उन्हात साखर तयार करतात आणि ती पाण्यात विरघळून ताटातून कणसापर्यंत जाते. हुरडा गोड लागतो तो यामुळेच. गूळभेंडी किंवा सुरती ज्वारीचे कणीस हुरड्याच्या नेमक्या दिवसांत काढले तर दाण्यात साखर शिल्लक असते. आठवडाभर उशीर झाला की गोडी गेली. ती साखर कोठे पळून जात नाही, तिचे पीठ होते. साखर विरघळणारी असल्याने फार साठवता येत नाही. स्टार्च विरघळत नाही, थोड्या जागेत खूप मावतो आणि वर्षभर टिकतो. म्हणून आपण धान्य कणगीत ठेवू शकतो.

हा बदल घडवतात ती विकरे, म्हणजेच एन्झाइम. विकर म्हणजे एक प्रथिन, एकच ठरावीक काम करणारा कारागीर. दाण्यात अशा कारागिरांची साखळी असते. पहिला कारागीर आलेली साखर फोडतो. पुढचा त्यातील ग्लुकोजला, ऊर्जा खर्चून, एडीपी नावाचा दांडा जोडतो. दांडा जोडलेला हा ग्लुकोज म्हणजे स्टार्चची तयार वीट. अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ लुईस लेलुआर यांनी १९६० च्या सुमारास या विटेचे काम उलगडले. साखरेच्या अशाच जोडरेणूंवरील संशोधनासाठी त्यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिसऱ्या प्रकारची विकरे विटेला विट जोडून लांब साखळ्या करतात. चौथी त्या साखळ्यांना फांद्या फोडतात. आणि पाचवी चुकीच्या जागी आलेल्या फांद्या छाटतात. माळी झाड वाढवतो आणि छाटतोही, तसेच हे. छाटणी झाली नाही तर साखळ्या नीट रचून बसत नाहीत आणि स्टार्चचा घट्ट कण तयार होत नाही.

हे सारे कळले कसे? बरेचसे मक्याच्या बिघडलेल्या दाण्यांवरून. पावसाळ्यात घाटात आपण जे स्वीटकॉर्न खातो, त्यात यांपैकी एखादा कारागीर नीट काम करत नसतो. जुन्या गोड मक्यात छाटणीचे विकर सदोष आहे. जास्त गोड असलेल्या एका प्रकारात वीट तयार करणारेच विकर जवळपास नाही. हे अमेरिकेत ऑलिव्हर नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६६ मध्ये दाखवले. वीट नाही म्हणून भिंत नाही, भिंत नाही म्हणून साखर पडून राहते. असा दाणा ओला असताना गोड लागतो, वाळला की सुरकुततो. आपल्या जिभेला जे सुख, ते दाण्याच्या दृष्टीने अपुरे राहिलेले काम.

भाताची गोष्ट आणखी जवळची. स्टार्च दोन प्रकारचा असतो. सरळ साखळ्यांचा अमायलोज आणि फांद्यांचा अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा, शीत न् शीत सुटे. कमी असेल तर मऊ आणि चिकट. अमायलोज बनवण्याचे काम प्रामुख्याने एकच विकर करते. त्याच्या जनुकातील एका अक्षराच्या फरकाने ते विकर कमी तयार होते, आणि जपान-चीनकडचे कित्येक तांदूळ मऊ होतात ते यामुळे. ईशान्य भारतातला आणि थायलंड-लाओसमधला अगदी चिकट भात तर अमायलोजवाचूनच असतो. घरी आयोडीन असेल तर करून बघा. साध्या तांदळाच्या पिठावर थेंब टाकला तर गडद निळा रंग येतो. चिकट तांदळाच्या पिठावर तांबूस-तपकिरी.

आता काळजीचा मुद्दा. गव्हाची ओंबी फुलल्यावर दाणा भरायला साधारण महिना-सव्वा महिना मिळतो. तेवढ्यात सारे काम उरकायचे. पण साखळ्या विणणारे विकर, त्याला सोल्युबल स्टार्च सिंथेज म्हणतात, उष्णतेला फार हळवे आहे. १९९० च्या दशकात ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले, की गव्हाच्या दाण्यात ते वीस ते पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम चालते. पारा त्याच्या बराच वर गेला की त्याची ताकद ओसरते. उष्मा थोडा वेळ राहिला तर ते सावरते, लांबला तर पुरते सावरत नाही. विशेष म्हणजे अशा वेळी दाण्यात साखरेची टंचाई नसते. माल दाराशी येऊन पडलेला असतो, विणणारा हात थकलेला असतो. त्यात उन्हाने पीक लवकर पिकते, म्हणजे वेळही कमी. दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो आणि बाजारात भाव पडतो.

२०२२ साली हे देशाने पाहिले. त्या वर्षीचा मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला. उत्तरेत गहू नेमका भरत होता. फेब्रुवारीत उत्पादनाचा सरकारी अंदाज ११ कोटी १३ लाख टन होता, मे महिन्यात तो १० कोटी ६४ लाख टनांवर आला. त्याच मे महिन्याच्या १३ तारखेला गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. एका नाजूक विकराचा बाजारपेठेशी इतका जवळचा संबंध असतो. भातही सुटलेला नाही. २०२३ च्या कडक उन्हाळ्यात जपानच्या निइगाता भागात कोशिहिकारी तांदळाचे दाणे खडूसारखे पांढुरके निघाले. उष्णतेने कण सैल रचले गेले, मधे हवा राहिली. पहिल्या प्रतीच्या तांदळाचे प्रमाण एकदम घसरले.

उपाय काय? शास्त्रज्ञ उष्मा सोसणारी विकरे असलेली वाणे शोधत आहेत, पण ते काम दमाचे आहे. आज हाताशी असलेला उपाय जुनाच आहे आणि तो म्हणजे वेळ साधणे. आपल्याकडे बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी, असे कृषी विद्यापीठे सांगतात. त्यामागचे एक मोठे कारण हेच, की दाणा थंडीत भरावा. लवकर तयार होणारी वाणे निवडणे आणि दाणा भरताना पाण्याची पाळी न चुकवणे हे त्याचेच पुढचे भाग. पण वेळेवर पेरायचे तर बियाणे, पाणी आणि वीजही वेळेवर मिळाली पाहिजे. उशीर नेहमी शेतकऱ्याचाच असतो असे नाही. कालव्याचे आवर्तन पंधरा दिवस लांबले, तर ते पंधरा दिवस दाण्याच्या भरण्यातून वजा होतात, आणि मग कोणतेही खत ते भरून देऊ शकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)