चार बाजू, १२० सेकंद

पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एका चौकात, फूटपाथच्या कडेला, सिमेंटच्या ओट्यावर करड्या रंगाची एक लोखंडी पेटी उभी आहे. क्लासच्या आणि पेइंग गेस्टच्या जाहिरातींनी ती इतकी मढली आहे की तिला दार आहे हेच चटकन कळत नाही. सिग्नल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खांबावरचे दिवे येतात. पण दिवे नुसते निरोपे. कोणाला सोडायचं आणि कोणाला अडवायचं हे पेटीतला कंट्रोलर ठरवतो. सिग्नलच्या देखभालीचं काम करणाऱ्या एका तरुण तंत्रज्ञाने ऐन गर्दीच्या वेळी ती माझ्यासमोर उघडली. आत कार्डांची रांग, त्यांवर लुकलुकणारे ठिपके, खाली जाडजूड वायरींचा गुंता आणि कोपऱ्यात एक वाळलेली पाल. ‘‘पावसाळ्यात मुंग्यांचा त्रास जास्त,’’ तो म्हणाला आणि फडक्याने पाल बाजूला केली.

छोट्या पडद्यावर आकडे सरकत होते. सगळ्या बाजू एकेकदा सुटून पुन्हा पहिल्या बाजूवर येईपर्यंतचा वेळ म्हणजे सायकल. इथे ती १२० सेकंदांची. एका वेळी जे प्रवाह एकत्र सोडता येतात त्यांचा गट म्हणजे फेज. चार रस्ते आणि प्रत्येकावरून सरळ, डावं आणि उजवं, असे १२ प्रवाह होतात. कोण कोणाला आडवं येत नाही, एवढंच शोधायचं असतं. डावीकडे वळणारा फारसा कोणाच्या वाटेत येत नाही. तिढा आहे तो उजव्या वळणाचा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्याला समोरून सरळ येणाऱ्याची वाट कापावी लागते.

यावर एक साधा उपाय आहे. समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकदम सोडायच्या आणि उजवीकडे वळणाऱ्याने मधे थांबून, फट मिळाली की वळायचं. दोन फेजमध्ये चौक आटोपतो. मात्र ही व्यवस्था चालण्यासाठी वळणाऱ्याने थांबायला हवं आणि समोरच्याने फट ठेवायला हवी. आपल्याकडे यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. म्हणून बहुतेक गजबजलेल्या चौकांत दुसरा मार्ग पत्करलेला दिसतो: एका वेळी एकच बाजू, सरळ-डावं-उजवं सगळं एकत्र सोडायचं आणि बाकी तिघांना थांबवायचं. चार बाजू, चार फेज. भांडण नको म्हणून चार भावांनी विहिरीवर पाळ्या लावून घ्याव्यात तसं हे आहे.

पाळी बदलताना काही सेकंद फुकट जातात, आणि या पेटीत सगळ्यात महाग चीज तीच. हिरवा गेला की तीन सेकंद पिवळा. मग दोनेक सेकंद चारही बाजूंना लाल, म्हणजे चौकाच्या मधोमध असलेली गाडी बाहेर पडावी. त्यानंतर पुढच्या बाजूला हिरवा. तिथल्या गाड्याही लगेच पूर्ण वेगात निघत नाहीत. पिवळ्याचा काही भाग गाड्या वापरून घेतात हे धरलं, तरी एका बदलाला साधारण चार सेकंद वाया जातात. चार फेजचे १६ सेकंद. १२० पैकी १६ सेकंद चौक कोणाचाच नसतो.

‘आमच्या बाजूचा सिग्नल जास्त वेळ ठेवा’ ही मागणी प्रत्येक वॉर्डातून येते. त्यातून सायकल वाढत जाते. १२० ची १८० केली तर काय होतं याचा हिशेब मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर मांडला. चारही बाजूंना सारखा वेळ दिला, तर १२० च्या सायकलमध्ये प्रत्येकीला ३० सेकंद मिळतात. चार वजा, उरले २६. तासाला ३० सायकली, म्हणजे एका बाजूला तासाभरात ७८० सेकंद. १८० च्या सायकलमध्ये प्रत्येकीला ४५. चार वजा, ४१. तासाला २० सायकली, म्हणजे ८२० सेकंद. तासाभरात ४० सेकंदांचा फायदा! आणि त्यासाठी दर वेळी ९० ऐवजी १३५ सेकंद लालसमोर उभं राहायचं.

आता उलट करून पाहू. सायकल १२० चीच ठेवायची, पण एक फेज काढून टाकायची. मोठ्या रस्त्यावरची दोन्ही उजवी वळणं बंद केली की त्या रस्त्याच्या समोरासमोरच्या बाजू एकदम सोडता येतात. चारांच्या तीन फेज होतात. प्रत्येकीला ४०, चार वजा ३६, गुणिले ३०: १०८० सेकंद. म्हणजे तासाला ३०० सेकंद जादा. माझा हिशेब पाहून तंत्रज्ञ हसला. ‘‘हे आम्हाला माहीत आहे, सर. वळण बंद केलं की दुकानदार येतात.’’

सायकल किती असावी याचं गणित १९५८ साली ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी मांडलं. ते आजही आपल्याकडच्या अभ्यासक्रमात शिकवतात. वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात पाच मिळवा आणि चौकाच्या क्षमतेतला जो हिस्सा शिल्लक आहे त्याने भागा. वाया जाणारे सेकंद १६ धरले आणि चौक ६० टक्के भरलेला असला तर उत्तर ७२ सेकंदांच्या आसपास येतं. ८० टक्के असला तर १४५. ९० टक्के असला तर २९०. चौक भरत आला की गणितच हात टेकतं. दिव्यांच्या वेळा कितीही हलवल्या, तरी रस्ता रुंद होत नाही.

वेबस्टर यांच्या काळच्या ब्रिटनमध्ये गाड्या रांगेत उभ्या राहत. इथे रांग असते ती फक्त चारचाकींची, आणि तीही कशीबशी. दुचाकी दोन गाड्यांमधल्या फटींतून पाझरत पुढे येतात आणि थांबण्याच्या पांढऱ्या रेषेपुढे त्यांचा एक अर्धगोल तयार होतो. झेब्रा क्रॉसिंग त्यांच्या चाकांखाली जातं. हिरवा होताच हा अर्धगोल फुटतो आणि पहिल्या पाच-सात सेकंदांत चौकातून जितकी वाहनं जातात, तितकी नंतर क्वचितच जातात. शिस्तप्रेमी माणसाला हे बघवत नाही, मलाही नाही. पण आरंभी वाया जाणारे सेकंद या मंडळींनी जवळजवळ शून्यावर आणले आहेत, हे मान्य करावं लागतं. किंमत मोजतो तो पायी चालणारा.

पिवळ्याबद्दल थोडं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दिवा पिवळा झाल्याचं लक्षात येऊन पाय ब्रेकवर जायला एक सेकंद, त्यात ११ मीटर गेले. मग बऱ्यापैकी ब्रेक दाबून थांबायला आणखी २० मीटर. एकूण सुमारे ३२. तीन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते. म्हणजे रेषेपासून तुम्ही कुठेही असा, एक तर थांबता येतं किंवा निघून जाता येतं. ताशी ६० वर मात्र थांबायला ६० मीटरहून जास्त लागतात आणि तीन सेकंदांत जेमतेम ५० मीटर पार होतात. मधल्या दहा-बारा मीटरच्या पट्ट्यात सापडलेला माणूस धड थांबू शकत नाही, धड जाऊ शकत नाही. हा पेच १९६० साली गाझिस, हरमन आणि मॅराडुडिन या तिघांनी एका निबंधात सोडवून दाखवला. यातले रॉबर्ट हरमन म्हणजे ज्यांनी राल्फ आल्फर यांच्याबरोबर १९४८ साली विश्वाच्या जन्मवेळच्या उष्णतेचा अवशेष आजही अवकाशात सापडेल असं भाकीत केलं होतं, तेच. पुढे ते जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत गेले आणि पिवळ्या दिव्याचा विचार करू लागले. मला यात उतरंड अजिबात दिसत नाही.

दिव्याशेजारी उलटे आकडे मोजणारा टायमर आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. लाल असताना त्याचा उपयोग आहे: लोक इंजिन बंद करतात. पण तीन राहिले की सुटायची तयारी होते आणि दोनवर पहिली स्कूटर सुटते. हिरव्याचे आकडे संपत आले की मागचे वेग वाढवतात. थोडक्यात, चारही बाजूंना लाल असलेले ते दोन सेकंद दोन्हीकडून कुरतडले जातात. कॅमेऱ्याने गर्दी पाहून वेळ ठरवणाऱ्या सिग्नलांत तर टायमर बसवणंच अवघड, कारण हिरवा कधी संपणार हे कंट्रोलरलाही आधी ठाऊक नसतं. रांग सरली की तो लगेच पुढच्या बाजूकडे जातो; सरली नाही, तर ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत धरून ठेवतो.

मी चौक ओलांडून पलीकडे जायचं ठरवलं तेव्हा एकेक बाजू सोडण्यातली खरी खोट दिसली. समजा मला रस्त्याची एक बाजू पार करायची आहे. त्या बाजूला हिरवा असताना तिच्यावरून गाड्या चौकात येतात, तेव्हा जाता येत नाही. तिला लाल झाला की उरलेल्या तिघांपैकी कोणीतरी वळून किंवा सरळ त्याच रस्त्यात शिरत असतं. चारही फेज तपासा. पूर्ण रस्ता मोकळा असा एकही क्षण नाही. शिवाय ‘फ्री लेफ्ट’वाले अखंड चालू. त्यामुळे पुणेकर जे करतो ते शास्त्राला धरूनच आहे: येणारी बाजू लालवर थांबलेली असताना अर्धा रस्ता, मग दुभाजकावर उभं राहायचं, आणि तीच बाजू सुटली की उरलेला अर्धा. कारण त्या फेजमध्ये तिच्या पलीकडच्या अर्ध्यात कोणी शिरत नाही, यू-टर्न घेणारे सोडून.

माझ्या शेजारी एक आजी पिशवी सावरत दुभाजकावर उभ्या होत्या. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे; त्या हिशेबाने १४ मीटरचा रस्ता १२ सेकंदांत पार व्हायला हवा. आजींचा वेग ०.८ च्या वर नव्हता, म्हणजे त्यांना १७ ते १८ सेकंद. पादचाऱ्यांसाठी वेगळी फेज दिली तर हे जमेल, पण मग ती पाचवी पाळी. २०२० साली मुंबई महापालिकेने दादर भागातल्या पादचारी दिव्यांवर पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती आणली. चांगलंच केलं. आजींची अडचण त्याआधी येते: त्यांचे सेकंद या चौकात कोणाच्याच खात्यावर लिहिलेले नाहीत.

सातनंतर वाहतूक पोलीस पेटीपाशी आले. पुण्यात यांना सगळेच मामा म्हणतात, तंत्रज्ञही. पेटीच्या बाजूला एक छोटं दार असतं, त्यात हाताने फेज बदलायचं बटण. १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला विजेचा सिग्नल लागला तेव्हाही शेजारच्या खोपटात बसलेला पोलीसच तो चालवत होता. त्यात पिवळा नव्हता, बदलाआधी भोंगा वाजे. मामांनी बटण दाबून डेक्कनकडे जाणाऱ्यांना नेहमीपेक्षा चक्क जास्त वेळ थांबवलं. हॉर्नचा कल्लोळ. मी विचारलं, ‘‘मामा, यांच्याकडे एवढी गर्दी, तरी?’’

‘‘पुढं बघा ना साहेब. तिथं जागा आहे का?’’

पुढचा चौक तुंबला होता आणि त्याची शेपटी या चौकापर्यंत आली होती. तेव्हा हिरवा दिला असता तर गाड्या चौकाच्या मधोमध अडकून आडव्या बाजूही बंद पडल्या असत्या. पेटीतल्या आकड्यांत मागून किती येतात ते होतं, पुढे जागा किती आहे ते नव्हतं.

मग मामांनी मोठ्या रस्त्यावरच्या दोन्ही उजव्या वळणांसमोर शंकू लावून ती बंद केली आणि तंत्रज्ञाने तीन फेजचा प्लॅन चढवला. १५-२० मिनिटांत रांग निम्मी झाली. उजवीकडे जाणारे आता पुढच्या चौकात यू-टर्न घेऊन परत येत होते. तिथले मामा फोनवर चिडलेले ऐकू येत होते. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला रस्त्यावर येऊन विचारत होता, वळण किती वाजता उघडणार. मामांनी नऊ सांगितलं.