दिवा एक, अर्थ तीन

पावसाळ्यात घाटंजीहून निघालेली मोटार एकाच फेरीत तीन तऱ्हेच्या जमिनीवरून धावते. आधी डांबर, मग कडेचा मुरूम आणि शेताकडे वळली की पांदणीतली काळी माती. मीटरवर ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाकांची घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा, एक पिवळा दिवा असतो, छोटीशी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेषा असलेला. तो बहुतेकदा अशा फेरीतच पेटतो आणि मग गाडीतला प्रत्येक जण आपापलं निदान सांगू लागतो. यातली नेहमी ऐकू येणारी काही निदानं इथे तपासून पाहू.

गैरसमज : ट्रॅक्शन कंट्रोल महागड्या गाड्यांत असतं, आपल्या गाडीत कुठलं?

वस्तुस्थिती : एकेकाळी तसंच होतं. ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस १९७८ मध्ये आणि घसरत्या गाडीला सावरणारं ईएसपी १९९५ मध्ये आलं, ते मर्सिडीजच्या एस-क्लाससारख्या श्रीमंती गाड्यांत. आता चित्र बदललं आहे. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत तीन किंवा त्याहून जास्त तारे हवे असतील, तर गाडीत ईएसपी असावंच लागतं. ट्रॅक्शन कंट्रोल हे ईएसपीचंच एक काम. म्हणून हा दिवा आता छोट्या गाड्यांतही दिसतो.

गैरसमज : दिवा पेटला म्हणजे गाडीत बिघाड झाला.

वस्तुस्थिती : दिवा पेटला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तो कसा पेटला आहे ते बघायचं.

चावी फिरवल्यावर तो काही क्षण लागतो आणि विझतो. ही यंत्रणेची स्वतःची तपासणी. त्या वेळी तो लागलाच नाही, तर शंका घ्यावी.

चालत्या गाडीत तो लुकलुकत असेल, तर यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग मोजत असतो. इंजिनाची ताकद मिळणारं एखादं चाक बाकीच्यांपेक्षा वेगात फिरू लागलं, की ते घसरतं आहे हे कळतं. मग यंत्रणा तेवढ्याच चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनाची ताकद कमी करते. पाय ॲक्सिलरेटरवर असूनही गाडी दबल्यासारखी वाटते ती यामुळे. अशा वेळी पाय जरा सैल सोडायचा, स्टिअरिंगला झटके द्यायचे नाहीत. गॅरेज गाठायची गरज नाही.

दिव्यासोबत ‘ऑफ’ अशी अक्षरं असतील, तर कोणाच्या तरी हातून बटण दाबलं गेलं आहे. आणि ‘ऑफ’ नसताना दिवा स्थिर जळत राहिला, तर तो बिघाड.

गैरसमज : ट्रॅक्शन कंट्रोल आहे, तर गाडी चिखलात फसणार नाही.

वस्तुस्थिती : कपाशीला मानवणारी आपली काळी माती गाडीला मात्र मानवत नाही. या मातीतले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. शेतातल्या मोठ्या भेगा त्याच्याच. ओली झाली की ती टायरच्या खाचांत गच्च भरते. खाचा बुजल्या की नवं टायरही गुळगुळीत टायरसारखं वागतं. ट्रॅक्शन कंट्रोल हाती असलेली पकड वाया जाऊ देत नाही, पण नसलेली पकड ते कुठून आणणार? दोन्ही चाकांखाली गाराच असेल, तर यंत्रणेची मदत जवळपास संपते.

गैरसमज : म्हणून कच्च्या रस्त्यावर ते बंदच ठेवावं.

वस्तुस्थिती : बंद करण्याचा उपयोग आहे, पण गाडी फसल्यावरच. रुतलेल्या गाडीला थोडं चाक फिरवून गती घ्यावी लागते आणि नेमक्या त्याच वेळी यंत्रणा ताकद कापते. तेव्हा बटण दाबून ती बंद करावी, चाकं सरळ ठेवावीत आणि दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने निघायचा प्रयत्न करावा. धुऱ्यावर पऱ्हाटी किंवा तुराटी रचलेली असेल, तर ती चाकांपुढे आडवी पसरावी. फक्त खुंटासारखी टोकं टायरमध्ये घुसणार नाहीत हे पाहावं. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं राहू नये, कारण फिरतं चाक ती कांडकं जोरात भिरकावतं. चाक नुसतंच फिरत राहिलं तर गाडी आणखी खाली जाते. अशा वेळी हट्ट सोडून ट्रॅक्टर बोलवावा.

गाडी निघाली की बटण पुन्हा दाबायचं. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून सुरू केलं, तरी यंत्रणा आपोआप परत येते. ओल्या डांबरावर तिची खरी गरज असते.

गैरसमज : दिवा स्थिर पेटला म्हणजे ब्रेक गेले.

वस्तुस्थिती : तो एकटाच पेटला असेल, तर नेहमीचे ब्रेक शाबूत असतात. वेग कमी ठेवून, पुढच्या गाडीपासून अंतर राखून घरी जाता येतं. सोबत पिवळा एबीएसचा दिवा असेल, तर करकचून ब्रेक मारल्यावर चाकं जागीच अडकू शकतात. चाकाचा सेन्सर हे या जोडीचं नेहमीचं कारण. इंजिनाचा दिवाही लागला असेल, तर मूळ दोष बहुधा इंजिनात असतो. त्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोल स्वतःहून बाजूला झालेलं असतं.

लाल ब्रेकचा दिवा दिसला तर मात्र गाडी बाजूला घ्यायची. आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का पाहा, मग ब्रेक ऑइलची पातळी. पेडल मऊ लागत असेल, किंवा लाल दिवा आणि एबीएसचा दिवा एकत्र जळत असतील, तर गाडी पुढे नेऊ नका.

गैरसमज : बॅटरीची वायर काढून लावली की दिवा जातो.

वस्तुस्थिती : कधी जातो, पण दोष तिथेच असेल तर परत येतो. उलट, बॅटरी काढल्यामुळेच काही गाड्यांत हा दिवा लागतो, कारण स्टिअरिंग कोणत्या कोनात आहे ही नोंद पुसली जाते. अशा गाडीत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून थोडं अंतर चालवलं, की तो बहुधा विझतो.

खरी कारणं बहुतेकदा साधी असतात : सेन्सरवर साचलेला चिखल, उंदरांनी कुरतडलेली वायर, कमजोर बॅटरी, ब्रेक लाइटचा खराब स्विच. बेअरिंग बदलल्याबरोबर दिवा लागला असेल, तर ते उलटं बसलं का किंवा वायर दबली का, हे आधी तपासावं. स्वस्तातला स्कॅनर अनेकदा फक्त इंजिनाचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतो. हा दोष ‘सी’च्या कोडमध्ये सापडतो, म्हणून एबीएस वाचणारा स्कॅनर आहे का, हे विचारूनच गाडी द्यावी.

गैरसमज : टायरचा या दिव्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती : सगळा हिशेब चाकांच्या वेगाचा आहे. वेगळ्या मापाचं टायर लहान असेल तर जास्त फिरतं. हवा फार कमी असली किंवा टायर खूप झिजलं असलं तरी तोच फरक पडतो आणि यंत्रणा फसू शकते. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. खाचांमधली उंचवट्यांची खूण नक्षीच्या बरोबरीला आली, की टायर बदलायचं.

मेकॅनिककडे जाताना चार गोष्टी सांगा : दिवा लुकलुकत होता की स्थिर होता, सोबत कोणते दिवे होते, वेग किती होता आणि त्याआधी गाडीचं कोणतं काम झालं होतं. ‘दिवा लागला’ एवढंच सांगितलं, तर तपासणी शून्यापासून सुरू होते आणि तिचे पैसेही आपणच भरतो.