पेप्सिन
पेप्सिन हे पृष्ठवंशी प्राण्यांच्या जठरात प्रथिनांचे विघटन करणारे विकर, म्हणजेच एंझाइम, होय. शरीरातील बहुतेक विकरे उदासीन माध्यमाच्या आसपास कार्य करतात. पेप्सिन मात्र सामू (पीएच मूल्य) २ च्या जवळपास सर्वाधिक क्रियाशील असते.

सामूची मापनश्रेणी लॉगरिथमी असल्यामुळे ७ आणि २ यांतील अंतर वाटते त्याहून फार मोठे आहे. सामू २ असलेल्या द्रावणात हायड्रोजन आयनांची संहती शुद्ध पाण्यातील संहतीच्या सुमारे एक लाख पट असते. जठरात ही आम्लता हायड्रोक्लोरिक आम्लामुळे निर्माण होते. हे तीव्र आम्ल पाण्यात जवळजवळ पूर्णपणे आयनीभूत होते. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल सौम्य आहे, लिटरमागे ०.१ मोल इतक्या संहतीला त्याच्या शंभर रेणूंपैकी जेमतेम एखाद-दुसराच आयनीभूत होतो. आम्लाची तीव्रता आणि त्याची संहती या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

आम्लामुळे अन्नातील प्रथिनांच्या घड्या उलगडतात व त्यांतील पेप्टाइड बंध विकराच्या आवाक्यात येतात. पेप्सिनच्या क्रियास्थानी ॲस्पार्टिक आम्लाचे दोन अवशेष असतात. एकाकडे प्रोटॉन असतो, दुसऱ्याने तो सोडलेला असतो. ही जोडी पाण्याच्या रेणूकरवी बंध तोडते. फेनिलॲलॅनिन, टायरोसीन यांसारख्या ॲमिनो आम्लांलगतचे बंध पेप्सिन अधिक सहजपणे तोडते.

मात्र हे विकर तयार करणाऱ्या पेशीही प्रथिनांच्याच बनलेल्या असतात. म्हणून त्या पेप्सिन स्रवतच नाहीत. त्या पेप्सिनोजेन हे निष्क्रिय पूर्वरूप स्रवतात. त्यातील एक जादा शृंखला क्रियास्थान झाकून ठेवते. वेगळ्या पेशींनी स्रवलेल्या आम्लाशी जठराच्या पोकळीत संपर्क आला की पेप्सिनोजेनचा आकार बदलतो, तो स्वतःचीच ती शृंखला कापतो आणि क्रियाशील पेप्सिन मोकळे होते. तयार झालेले पेप्सिन उरलेल्या पेप्सिनोजेनचेही रूपांतर करते. जठराच्या आतील अस्तराचे रक्षण श्लेष्म व बायकार्बोनेट यांचा थर करतो. पुढे लहान आतड्यात बायकार्बोनेटमुळे सामू वाढतो, पेप्सिनचे कार्य थांबते आणि ट्रिप्सिनसारखी स्वादुपिंडाची विकरे पचन पूर्णत्वास नेतात.

थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये पेप्सिनचा शोध लावला. नाव पचन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. विकरे ही प्रथिनेच आहेत काय, हा वाद मात्र त्यानंतर जवळजवळ शतकभर चालला. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये यूरिएजचे स्फटिक मिळवूनही रिचर्ड व्हिलश्टेटर यांच्यासारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांना ते प्रथिन असल्याचे पटले नव्हते. जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवून ते प्रथिनच असल्याचे दाखविल्यावर समनर यांच्या मताला बळकटी आली. १९४६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना वेंडेल स्टॅन्ली यांच्यासह मिळाले.