अखण तीजेचा माठ

नवा माठ आणला की त्यात लगेच पिण्याचं पाणी भरायचं नाही. तो रात्रभर बादलीत बुडवून ठेवायचा, सकाळी नारळाच्या शेंडीने आतून हलक्या हाताने घासायचा. पहिलं पाणी झाडाला, दुसरंही झाडाला, तिसरं माणसांना. अंबरनाथच्या आमच्या चाळीत हे काम आजीचं असे आणि त्याचा दिवस ठरलेला असे, अक्षय्य तृतीयेचा आदला. माठ दोन यायचे, एक घरचा आणि एक द्यायचा. द्यायच्या माठात वाळ्याची जुडी पडायची, झाकणीवर आंबा बसायचा. आजी त्याला ‘उदककुंभ’ म्हणायची. हा दिवस आमच्यासारख्याच घरांचा आहे, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

मग मी उल्हासनगरला कॉलेजात गेले. पहिल्याच वर्षी भर दुपारी पेपर देऊन बाहेर पडले, तर रस्त्याच्या कडेला कापडी मांडव, ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेले माठ आणि त्यांच्यामागे हातात जग घेऊन उभे असलेले एक पांढऱ्या कुडत्यातले आजोबा. मैत्रिणीशी पेपरची चर्चा चालू होती. त्यांनी ती मध्येच तोडली. “पहले पानी, पुट. पेपर बाद में.” वाळ्याचा तोच वास आला. मी विचारलं, आज काय आहे? मैत्रीण सिंधी होती. ती म्हणाली, “अखण तीज. आज ज्याच्या त्याच्या हातात पाणी द्यायचं असतं.”

एकाच तिथीला, लागून असलेल्या दोन स्टेशनांवर, एकाच कुंभारवाड्यातले माठ घेऊन दोन समाज एकच गोष्ट करत होते आणि एकमेकांना त्याची खबर नव्हती. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या उन्हाळ्याकडे मी तेव्हापासून याच नजरेने पाहत आले आहे. पुण्याच्या उन्हाळ्याला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आहे. आमच्या तीन गावांचा उन्हाळा पाण्याभोवती जमतो. चैत्र ते ज्येष्ठ इथे जे जे काही चारचौघांत मिळून होतं, त्यात कुठे ना कुठे माठ असतोच.

सिंधी समाजाचं वर्षच पाण्यापासून सुरू होतं. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, चैत्र शुद्ध द्वितीयेला, चेटीचंड. झुलेलाल हा वरुणाचा अवतार, सिंधू नदीतून प्रकटलेला, माशावर बसलेला. त्या दिवशी ‘बहराणा साहिब’ निघतो. ताटात कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळं, शेजारी कलश. पुढे ढोल-शहनाईवर ‘छेज’ खेळणारी माणसं, मागे ‘आयोलाल झुलेलाल’चा गजर. शेवटी हे सगळं वाहत्या पाण्याला अर्पण करायचं. ज्यांची सिंधू 1947 साली मागे राहिली, त्यांनी इथल्या पाण्यालाच सिंधू मानलं. कल्याणजवळचा दुसऱ्या महायुद्धातला लष्करी तळ, रिकाम्या बराकी, त्यात जवळपास लाखभर निर्वासित. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचं शहर झालं आणि त्याला शेजारच्या नदीचं नाव मिळालं. छावणीच्या खुणा मात्र बोलण्यातून गेल्या नाहीत. आजही पत्ता विचारला तर उत्तर येतं ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’.

कॉलेजही त्यांच्यासोबतच आलं, असं म्हणायला हरकत नाही. सिंधमधल्या हैदराबादेत 1922 पासून नॅशनल कॉलेज होतं. फाळणीनंतर प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड उभं केलं आणि 1949 मध्ये वांद्र्याला कॉलेज पुन्हा सुरू केलं. त्याच बोर्डाने 1965 साली उल्हासनगरात चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी कॉलेज काढलं. आमच्या तोंडी ते ‘सीएचएम’ किंवा नुसतं ‘चांदीबाई’. बदलापूर, वांगणीपासूनची मुलं लोकलने इथे येतात. मराठी घरातल्या मुलीला अखण तीज कळते ती या रस्त्यावर.

त्या मैत्रिणीच्या घरी मी पहिल्यांदा थादल पाहिलं. पाहिलं म्हणते, कारण पिण्याआधीचा सोहळाच मोठा. रात्री भिजवलेले बदाम सोलायचे. खसखस, मगज, बडीशेप, वेलची, मिरी, सुकलेल्या गुलाबपाकळ्या, सगळं एकत्र वाटायचं. तिची दादी पाटा-वरवंट्याशिवाय वाटू द्यायची नाही. वाटण पांढऱ्या मलमलीत घालायचं, वरून थोडं थोडं पाणी सोडत पिळायचं, पुन्हा चोथा वाटायचा, पुन्हा पिळायचं. चोथ्याचा रंग पूर्ण गेला की दादी मान हलवायची, मग दूध आणि साखर. पहिल्या घोटाला गार वाटतं आणि नंतर घशात मिरी जागी होते. “मिरी काढू का?” असं मी विचारलं, तर दादी म्हणाली, “काली मिर्च नहीं, तो ठंडक बैठेगी कैसे?” आमच्याकडे पन्ह्यात वेलची-केशर पडतं. पन्हं जिभेला लाडावतं आणि थादल थोडं दटावतं. मला दोन्ही हवं असतं.

तृतीयेला तिसरं नावही आहे आणि ते मला बदलापूरने शिकवलं. या पट्ट्यात जळगाव-धुळ्याकडून आलेली घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांची ही ‘आखाजी’. सासुरवाशिणीने माहेरी यायचं, झोके बांधायचे, पुरणपोळी आणि आमरस करायचा. त्याआधी सकाळी घागर भरायची, पितरांच्या नावाने. भरलेल्या घागरीवर डांगर ठेवायचं, म्हणजे खानदेशी खरबूज, आणि पूजा करायची. गेलेल्या माणसालाही वैशाखात तहान लागत असेल, ही त्यामागची काळजी. आमच्याकडे चैत्रगौरीचा महिना याच दिवशी संपतो. तिच्या हळदीकुंकवाची वाटली डाळ आणि पन्हं ही बायकांची पाणपोईच आहे.

पाणपोईतल्या ‘पोई’च्या मागे संस्कृतातली ‘प्रपा’ आहे, आणि प्रपा या प्रदेशात फार जुनी. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यात शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यात तो उत्तर कोकणातल्या नद्या मोजतो. दमण, डहाणू अशी ओळखीची नावं लागतात. त्या नद्यांवर मोफत नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व प्रपा केल्या, असं तो नोंदवतो. कान्हेरीच्या लेण्यांत तर दान देणाऱ्यांत कल्याणची माणसं वारंवार भेटतात. त्यांनी लेणं दिलं आणि सोबत ‘पोढी’ दिली. पोढी म्हणजे खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. विठ्ठलवाडीच्या पुढचं स्टेशन कल्याण. म्हणजे पाणी देऊन नाव कोरून ठेवणारी ही माणसं आमच्या शेजारचीच.

पण पाणी देण्याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पाणपोईचं कौतुक करणं मला पटत नाही. पाणी कोण देतो याइतकंच ते कोणाला नाकारलं गेलं, हेही विचारावं लागतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली झाला. महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं असल्याचं जाहीर केलं, तरी प्रत्यक्षात पाण्याला हात लावता येत नव्हता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले ते ऐन उन्हाच्या तोंडावर. तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला 1937 उजाडलं. म्हणून 14 एप्रिलला उल्हासनगरच्या सुभाष टेकडीवर, अंबरनाथ-बदलापुरातल्या वस्त्यांत मिरवणुकीच्या वाटेवर जे सरबताचे आणि पाण्याचे मांडव लागतात, त्यांच्याकडे मी वेगळ्या भावनेने पाहते. निळा फेटा बांधलेली पोरं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून पाणी देतात. ज्यांच्या आजा-पणज्यांना दुसऱ्याने वरून ओंजळीत पाणी ओतायची वाट पाहावी लागे, त्यांची नातवंडं आज आख्ख्या गावाला पाणी पाजतात. पुण्यासाठी दिलेल्या पाण्याहून या पेल्याचं वजन मला जास्त वाटतं.

मे-जूनमध्ये, पाऊस तोंडावर असताना, उल्हासनगरात पुन्हा मांडव पडतात. सिंधी समाजात नानकपंथी घरं मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या दरबारांत, टिकाण्यांत गुरू ग्रंथसाहिब असतो. 1606 साली लाहोरला, ऐन ज्येष्ठात, गुरू अर्जनदेवांना तापल्या तव्यावर बसवून हाल करून मारलं. त्यांच्या स्मरणार्थ थंड, गोड, गुलाबी दूधपाणी वाटतात, ती ‘छबील’. आगीत गेलेल्याची आठवण गारव्याने करणारी ही माणसं पाहिली की मला बोलायला सुचत नाही.

छबिलीच्या मांडवात मी अनेकदा कामाला उभी राहिले आहे. पोत्यात, लाकडाच्या भुशात लादी येते. पहिलं काम बर्फ पाहायचं. न खाण्याचा बर्फ निळसर रंगवलेला असावा, हा नियम 2018 मध्ये आला, तेव्हापासून पांढरी लादी पाहिल्याखेरीज कोणी फोडत नाही. ड्रममध्ये आधी दूध, मग पाणी, मग गुलाबाचं सरबत, शेवटी भिजवलेला सब्जा. दुपारी 12 नंतर पेल्यांचा खच पडतो. कागदी पेले नकोत, स्टीलचेच ठेवू, असा हट्ट कॉलेजच्या मुलांनी धरला तर मग विसळायलाही तीच बसतात. पेले विसळणाऱ्याच्या हाताला संध्याकाळी सुरकुत्या पडलेल्या असतात.

हे सगळं पाणी येतं कुठून? उल्हास राजमाचीच्या बाजूला उगम पावते, कर्जत-बदलापूरवरून कल्याणच्या खाडीकडे जाते. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या बहुतेक नद्या एप्रिलमध्ये डबक्यांवर येतात. उल्हास वाहत राहते, त्याचं कारण घाटमाथ्यावर आहे. टाटांनी मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण बांधलं. ही आंध्रा खरं तर इंद्रायणीची, म्हणजे भीमेची, म्हणजे पूर्वेच्या समुद्राची. तिचं पाणी कड्यावरून खाली सोडून भिवपुरीला 1922 पासून वीज करतात आणि वीज करून झालेलं पाणी उल्हासेत येतं. देहू-आळंदीच्या वाटेने जाणारं पाणी आमच्या माठात पडतं, हे कळलं त्या दिवशी मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “मग उकळायचं कशाला?” आणि तरीही उकळलं.

दुसरा आधार बारवी धरण, 1972 चं, औद्योगिक विकास महामंडळाचं. जांभूळ गावाच्या केंद्रात ते पाणी शुद्ध होऊन शहरांकडे जातं. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर, अंबरनाथ अडीच लाखांच्या आसपास, कुळगाव-बदलापूर पावणेदोन लाखांच्या घरात होतं. त्यानंतर बदलापूरला टॉवर किती उठले ते लोकलच्या खिडकीतून दिसतं. पाच लाखांच्या उल्हासनगरला स्वतःचा जलस्रोत नाही. तहान वाढली तशी बारवीची उंची वाढवली आणि मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, मोहघरसारख्या गावांच्या जमिनी, घरं पाण्याखाली गेली. छबिलीच्या पेल्यात त्यांचाही वाटा आहे. त्यांच्या नावाने एखादी घागर कोणी भरावी, असं मला फार वाटतं.

वालधुनी नदीचं दुःख तर दारातलं. अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं, शिलाहारांचं. मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की मे महिन्यातही अंगावर गारवा येतो. बाहेर त्याच मंदिराला लागून वालधुनी वाहते. कारखान्यांच्या रसायनांनी तिची जी दशा केली, ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. नऊशे वर्षं ज्या पाण्याने अभिषेक झाला असेल, त्यात आज पाय बुडवायला मन धजत नाही. उल्हासेवर उन्हाळ्यात जलपर्णी पसरते तेव्हा तरुण मंडळी ती उपसायला उतरतात. हे काम मला कोणत्याही शोभायात्रेपेक्षा मोठं वाटतं.

बाकीचा उन्हाळा सगळीकडे असतो तसाच. मैदानांवर टेनिस बॉलचे सामने, मुलांची शिबिरं, लग्नं. समुद्रापासून लांब आणि डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे बदलापूरला खारा वारा उशिरा पोचतो, पारा चाळिशी सहज ओलांडतो. पण त्याच कोरड्या दुपारी माठ अधिक चांगला गार करतो, कारण बाहेर झिरपलेलं पाणी भराभर उडून जातं. मेअखेर हवा दमट झाली की माठ मलूल होतो.

तोवर जांभळं आलेली असतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. इथल्या स्टेशनांबाहेर आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत जांभळं, करवंदं मांडून बसतात, पहाटे रानातून निघून आलेल्या. गेल्या छबिलीला मांडवातली एक मुलगी दोन्ही हातांत पेले घेऊन त्यांच्या रांगेपाशी गेली. पहिल्या मावशीने आधी पेल्याकडे पाहिलं, मग विचारलं, “किती?”

“पैसे नाहीत, मावशी.”

तिने पेला घेतला, उभ्याउभ्याच संपवला, रिकामा पेला परत दिला. मग सर्वांत टपोरी जांभळं निवडून द्रोण भरला आणि मुलीच्या हातावर ठेवला. मुलगी पर्स शोधायला लागली, तशी मावशी म्हणाली, “मंग माझे पन न्हाईत.”