एकट्यासाठीं आम्लेट

घरांतील मंडळी परगांवीं गेली, मुलें शिक्षणासाठीं दूर राहिलीं, किंवा नोकरीनिमित्त एखाद्याला नव्या शहरांत खोली घेऊन राहावें लागलें, म्हणजे सायंकाळीं कुलूप उघडल्यावर त्या एकट्या माणसापुढें एक जुनाच प्रश्न उभा राहतो : एकट्यासाठीं चूल कोण पेटविणार? या प्रश्नाचें उत्तर बहुधा चहा आणि बिस्किटें, किंवा सकाळचा उरलेला भात, असेंच मिळतें. स्वयंपाक येत नाहीं म्हणून असें होतें असें नव्हे. चार माणसांसाठीं हौसेनें तासन् तास खपणारी गृहिणीदेखील एकटी असली म्हणजे ताट वाढून घेत नाहीं. ओट्याशीं उभ्याउभ्याच चार घांस खाऊन मोकळी होते. दुसऱ्यासाठीं केलेले श्रम सार्थकीं लागतात आणि स्वतःसाठीं केलेले वायां जातात, अशी समजूत मनांत कोठें तरी घर करून बसलेली असते. प्रकृतीची हेळसांड सुरू होते ती येथूनच.

या समजुतीला पाकशास्त्रांतीलच एक पदार्थ उत्तर देतो. आमटी, भात, पोळी हे सारे पंगतीसाठीं जन्मलेले पदार्थ होत. चार वाट्या आमटी साधते, एक वाटी बिघडते. एका पोळीसाठीं कणीक भिजविणें जिवावर येतें. आम्लेटाची गोष्ट अगदीं उलट आहे. दोन अंडीं, सात-आठ इंच व्यासाचा लहान फ्रायपॅन आणि दोन-तीन मिनिटांची आंच एवढ्यावर तें उत्तम साधतें. उलट दहा अंड्यांचें एकच आम्लेट करूं गेल्यास खालचा थर करपतो आणि वरचा कच्चा राहतो. पंगतीला जें नीट मिळत नाहीं आणि एकट्याला सर्वोत्तम रूपांत मिळतें, असें हें विरळा अन्न आहे. त्यांत अर्धें सफरचंद आणि चीजचा एक तुकडा पडला म्हणजे न्याहारी किंवा रात्रीचें हलकें जेवण पुरें होतें. आणि अर्धें फळ व उरलेलें चीज ह्या वस्तू तर एकट्या माणसाच्या घरांत हमखास सांपडावयाच्याच.

आम्लेटाचें माहेर फ्रान्स. त्या देशाच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर माँ-सें-मिशेल नांवाचें एक खडकाळ बेट व त्यावर प्राचीन मठ आहे. तेथें आनेत पुलार नांवाच्या बाईंनीं १८८८ मध्यें खाणावळ उघडली. समुद्राच्या भरती-ओहोटीमुळें यात्रेकरू केव्हां येऊन ठेपतील याचा नेम नसे. आलेल्या भुकेल्या माणसापुढें तत्काळ कांहीं गरम ठेवतां यावें म्हणून बाईंनीं आम्लेटाचा आश्रय केला असें सांगतात. त्यांची कीर्ति वाढली तशा त्यांच्या कृतीविषयीं नाना वदंताही उठल्या. कोणी म्हणे त्या मलई घालतात, कोणी म्हणे जादा पांढरें घालतात. अखेर १९२२ मध्यें एकानें पत्र पाठवून बाईंनाच विचारलें. उत्तर आलें तें अगदीं साधें होतें : चांगलीं अंडीं, चांगलें लोणी, आणि हातांतील पॅन एकसारखा हलवीत राहणें. १९३१ मध्यें बाई वारल्या. परंतु यापलीकडचें रहस्य आजवर कोणाला सांपडलेलें नाहीं.

साध्या दिसणाऱ्या या कृतीमागें जें शास्त्र आहे तें मात्र जाणून घेण्यासारखें आहे. अंड्यांतील प्रथिनें म्हणजे जणूं सुताच्या गुंडाळलेल्या लहान लहान लडी. उष्णता लागतांच त्या उलगडतात, एकमेकींत गुंततात आणि त्यांचें जाळें तयार होतें. या जाळ्यांत पाणी अडकून राहतें, म्हणून नीट शिजलेलें अंडें मऊ व ओलसर लागतें. पांढरा भाग सुमारें ६० ते ६५ अंश सेल्सिअसला थिजूं लागतो, तर पिवळा बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होतो. पाणी उकळावयास लागणारे १०० अंश तर फारच दूर राहिले. आंच याहून पुष्कळ वाढली म्हणजे जाळें आंवळत जातें, धरून ठेवलेलें पाणी पिळून बाहेर टाकतें, आणि बशींत खालीं पाण्याचें थारोळें व वर रबरासारखा चामट तुकडा अशी अवस्था होते. आम्लेट बिघडतें तें बहुधा कच्चें राहिल्यामुळें नव्हे, तर अधिक शिजल्यामुळें.

फळाची खरी अडचण हीच, कीं तेंही पाण्यानेंच भरलेलें असतें. सफरचंदाच्या वजनांत सुमारें ८५ टक्के पाणी असतें. कच्च्या फोडी सरळ अंड्यांत टाकल्या तर त्यांचें पाणी सुटून आम्लेट फाटतें व ओलें राहतें. यास्तव फळ आधीं वेगळें परतून घ्यावें हा या पदार्थाचा पहिला नियम होय. परततांना पाणी उडून जातें, फोड मऊ होते आणि तिची गोडी व आंबटपणा दोन्ही दाट होतात. स्ट्रॉबेरी, संत्रें, कलिंगड अशीं रसाळ फळें म्हणूनच या कामीं निरुपयोगी; सफरचंद आणि नासपती हीं उत्तम. अननसाला आणखी एक खोड आहे. त्यांतील एक पाचक द्रव्य प्रथिनांचें जाळेंच तोडतें, आणि कच्चें अननस दुधाच्या पदार्थांत मिसळून ठेवलें तर तो पदार्थ कडवट होतो. परतून चांगलें गरम केल्यावर हा दोष नाहींसा होतो.

सफरचंदाचीही जात पाहावी. सत्यानंद स्टोक्स यांनीं १९१६ मध्यें सिमल्याजवळील कोटगढ येथें अमेरिकन ‘डेलिशस’ जातीचीं झाडें लाविलीं, आणि पुढें त्याच गोड, तांबड्या फळानें हिंदुस्थानची बाजारपेठ व्यापिली. तें नुसतें खाण्यास चांगलें. परंतु तव्यावर घालावयाचें तर त्यावर लिंबाचे चार थेंब पिळावे, कारण या पदार्थांत आंबटपणाची गरज आहे. हिरवें, आंबट सफरचंद मिळालें तर लिंबाची आवश्यकता नाहीं.

अशी गरज कां, हें चीजकडे पाहिलें म्हणजे कळतें. चीज म्हणजे स्निग्धांश आणि मीठ. त्याचा थर जिभेवर बसतो, आणि फळाचा आंबटपणा तो धुऊन काढतो. म्हणून दुसरा घांस पहिल्याइतकाच रुचकर लागतो. इंग्लंडमध्यें ही जोडी फार जुनी आहे. ज्या गांवावरून चेडर चीजला नांव मिळालें तें सॉमरसेट परगण्यांत आहे, आणि तोच परगणा सफरचंदांच्या बागांसाठींही प्रसिद्ध आहे. यॉर्कशायरमध्यें सफरचंदाच्या पायबरोबर चीजचा तुकडा खाण्याची चाल आहे. पेरूच्या फोडीला तिखटमीठ लावून खाणाऱ्याला, किंवा पुरणपोळीशेजारीं कटाची आमटी घेणाऱ्याला, गोड आणि खारट यांचें हें सख्य नव्यानें समजावून सांगावयास नको.

चीजच्या बाबतींत दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. अस्सल चेडरला फार आंच लागली म्हणजे त्यांतील तूप वेगळें सुटतें आणि उरलेला भाग दोरीसारखा ताणतो. बाजारांतील प्रोसेस केलेल्या चीजमध्यें कांहीं क्षार घातलेले असतात, त्यामुळें तें न फुटतां एकजीव वितळतें. नवशिक्यानें त्यापासूनच प्रारंभ करावा. पनीर मात्र आम्लेटांत वितळण्याची वाट पाहूं नये. आम्ल घालून नासविलेल्या दुधाचा हा गोळा तापला तरी वितळत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति. एका माणसाला दोन अंडीं, अर्धें सफरचंद, किसलेलें चीज वीस-पंचवीस ग्रॅम, लहान दोन चमचे लोणी, चिमूटभर मिऱ्यांची पूड आणि त्याहून कमी मीठ, कारण चीज मुळांत खारट असतें. प्रत्येक अंडें आधीं वाटींत फोडून पाहावें व मगच वाडग्यांत ओतावें, म्हणजे एक नासकें निघालें तर दुसरें वांचतें. सफरचंदाची साल ठेवावी, गाभा काढावा, आणि पातळ काप करावे. एक चमचा लोण्यावर ते मध्यम आंचेवर दोन-तीन मिनिटें परतावे. कडा किंचित् तांबूस झाल्या म्हणजे बशींत काढावे व फ्रायपॅन पुसून घ्यावा.

अंडीं कांट्यानें पांढरें व पिवळें एक होईपर्यंतच फेटावीं, फेस काढूं नये. उरलेलें लोणी पॅनमध्यें सोडावें. लोण्यांत थोडें पाणी असतें. तें उडूं लागलें म्हणजे लोणी फेसाळतें, आणि फेस बसला कीं पाणी गेलें व पॅन पुरता तापला असें समजावें. हीच अंडीं ओतण्याची वेळ. आणखी थांबल्यास लोणी करपतें. साजूक तूप वापरणाराला ही खूण मिळत नाहीं, कारण तुपांत पाणी नसतें. त्यानें अंड्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो चुरचुरला म्हणजे झालें. अंडीं ओतल्यावर दहा-पंधरा सेकंद एका हातानें पॅन हलवीत दुसऱ्या हातानें कडेचा थिजलेला भाग मध्याकडे ओढावा, म्हणजे वरचें पातळ अंडें खालीं वाहून जातें. पृष्ठभाग ओलसर दिसतो पण वाहत नाहीं, अशी स्थिति आली कीं आंच बंद करावी. अर्ध्या भागावर आधीं चीज, वर सफरचंदाचे काप आणि मिरपूड पसरावी, उलथन्यानें दुसरा अर्धा भाग त्यावर दुमडावा आणि अर्धें मिनिट तसेंच राहूं द्यावें. आंतल्या आंत उरलेल्या उष्णतेनें चीज वितळतें आणि अंडें पुरतें होतें. वृद्ध, गर्भवती आणि लहान मुलें यांच्यासाठीं मात्र तें आंतपर्यंत घट्ट होईतों शिजवावें, कारण कच्च्या अंड्यांतील साल्मोनेला जंतूंची त्यांना विशेष बाधा होते.

फळ आणि अंडें यांचा योग कोणाला विलायती वाटला तर त्यानें मुंबईच्या पारशी घरांकडे पाहावें. तेथें परतलेल्या केळ्यांवर किंवा टोमॅटोवर अंडीं फोडून शिजविण्याची रीत आहे, आणि टोमॅटोही शास्त्रदृष्ट्या फळच. ज्या घरांत अंडें चालत नाहीं तेथें बेसनाचें टोमॅटो-आम्लेट होतें. त्यावरही शेवटीं चीज किसून घालतां येतें. फरक इतकाच, कीं तेथें बांधणी मुख्यतः पिठांतील पिष्टाची असते, म्हणून त्याला सावकाश आणि पुरें शिजणें मानवतें, घाई मानवत नाहीं.

दोन अंडीं आणि चीजचा तुकडा यांतून सुमारें १६ ग्रॅम प्रथिनें मिळतात. चहा-बिस्किटांतून त्याचा अल्पांशही मिळत नाहीं. एकटें राहणाऱ्या वयस्क माणसाच्या दृष्टीनें हा हिशेब क्षुल्लक नव्हे, कारण उतारवयांत स्नायूंची झीज भरून काढण्यास प्रथिनेंच लागतात. परंतु हिशेबाहूनही मोठी एक गोष्ट आहे. आम्लेट करून ठेवतां येत नाहीं, झांकून ठेवतां येत नाहीं, दुसऱ्या दिवशीं खातां येत नाहीं. तें झालें कीं बशी घेऊन बसावेंच लागतें. सर्व तयारी धरून दहा-बारा मिनिटांत एकट्या माणसानें स्वतःसाठीं पान मांडलें, स्वतःला वाढलें, आणि गरम असतांनाच स्वस्थपणें खाल्लें, असें ज्या घरांत रोज घडतें, त्या घरांत माणूस एकच असला तरी तें घर ओस पडलें असें म्हणतां येत नाहीं.